पुडीचा तुटलेला कान

“अगं, ही घडी बघ. पट्टीनं आखल्यासारखी,” आत्या म्हणाली आणि पुडी उजेडाकडे धरली.

टाचणीनं बघितली नाही. ती गाजर चिरत होती आणि सुरी पाटावर इतक्या जोरात आपटत होती की शेजारची फरसबी उड्या मारायला लागली.

गेल्या तीन सुट्ट्या पुड्या करायचं काम टाचणीचं होतं. आत्याचं समुद्राकाठी सात खोल्यांचं अतिथिगृह होतं आणि तिथलं संध्याकाळचं जेवण म्हणजे पुड्या. फॉइलच्या चंदेरी तावावर बटाट्याच्या चकत्या, गाजर, फरसबी, वर माशाचा तुकडा, चार कोळंब्या, लसूण, लोणी आणि लिंबाची फोड. मग ताव मिटायचा, कडा दुमडायच्या आणि पुडी निखाऱ्यांवर ठेवायची. प्रत्येक पाहुण्याला त्याची स्वतःची पुडी बंदच्या बंद ताटात मिळायची. उघडायची त्यानंच. तोंडावर वाफ आली की माणूस आधी डोळे मिटतो आणि मग हसतो. ते हसू बघायला टाचणी वर्षभर दिवस मोजायची.

यंदा शाळेच्या सहलीमुळे ती चार दिवस उशिरा आली. येऊन बघते तर तिच्या जागेवर दुसरीच मुलगी. आत्याच्या नवऱ्याच्या, म्हणजे काकांच्या बहिणीची लेक. ती आत्याला ‘मामी’ म्हणायची, आणि तेही इतकं गोड की टाचणीचे दात शिवशिवायचे. टाचणीच्या धाकट्या भावाच्या पोटात कुठलीच गोष्ट राहत नसे, म्हणून सगळे त्याला भोंगा म्हणत. त्यानं पहिल्याच दुपारी त्या मुलीचं नाव ‘घडी’ ठेवलं आणि तिच्याशी पत्ते खेळायला बसला. फितूर कुठला.

“ती माझी सख्खी आत्या आहे,” टाचणी त्याला म्हणाली. “हिची कोण? मामी. मामी काय, लग्नामुळे झालेली.”

“मग काकाही आपले लग्नामुळेच झालेत,” भोंगा म्हणाला. “त्यांनी दिलेली सायकल परत करूया का?”

टाचणीनं त्याला चिमटा काढला. तिच्या वाट्याला आता भाज्या चिरणं आलं होतं, आणि सकाळी शेगडीची राख काढणं. राख! म्हणजे हिनं फॉइलच्या चुण्या सरळ करत बसायचं आणि आपण नाकातोंडात राख घालून घ्यायची.

कुठली पुडी कशाची, हे बाहेरून कळायला आत्यानं कानांची युक्ती काढली होती. पेननं लिहिलेलं निखाऱ्यांवर उडून जायचं आणि चिठ्ठी तर जळायचीच. म्हणून फॉइलची टोकं पिळून कान करायचे. मासळीच्या पुडीला दोन्ही बाजूंनी दोन कान, नुसत्या भाजीच्या पुडीला एकच. काका मागच्या अंगणात शेगडीवर पुड्या भाजायचे आणि कान बघून ताटात वाढायचे.

त्या संध्याकाळी मुक्कामाला असलेल्या निवृत्त टपालमास्तरांनी आपली एका कानाची पुडी उघडली. मास्तरांनी जन्मात मासळीला हात लावला नव्हता. त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा बघितलं.

“बाई,” ते आत्याला शांतपणे म्हणाले, “तुमच्या गाजराला मिशा आहेत.”

गाजराखालून कोळंबी डोकावत होती. आत्याचा चेहरा लालबुंद झाला. तिनं दहादा माफी मागितली, मास्तरांना दुसरं ताट दिलं आणि स्वयंपाकघरात येऊन घडीपुढे उभी राहिली.

“दुसरा कान करायचा राहिला ना गं?”

“नाही मामी. मी दोन केले होते.”

“मग एक काय माशीनं खाल्ला?”

टाचणी सगळ्यांत मोठ्यानं हसली. तिला बरं वाटलं. अगदी आतून, थंडगार बरं वाटलं. पट्टीनं आखलेल्या घडीचं काय झालं ते बघा म्हणावं!

दुसऱ्या दिवशी घडीनं भोंग्याला हाताशी धरलं. पुड्या काकांकडे गेल्या तेव्हा तिनं सगळे कान मोजून वहीत लिहिले. मासळीच्या नऊ पुड्यांचे अठरा आणि भाजीच्या चार पुड्यांचे चार, असे एकूण बावीस. जेवणं सुरू झाली तसा भोंगा पाणी वाढायच्या निमित्तानं टेबलाटेबलांमधून फिरला आणि ताटांतले नि टोपलीत उरलेले कान मोजून आला.

“एकोणीस,” तो धापा टाकत म्हणाला. “तीन कान पळाले.”

तेवढ्यात टपालमास्तरांच्या टेबलावरून खोकल्याचा आवाज आला. आजही त्यांच्या गाजराला मिशा होत्या.

“मामी, ऐक ना, बावीस कान होते आणि...” घडी सांगायला गेली.

“कान मोजू नकोस, पुड्या नीट कर,” आत्या वैतागून म्हणाली. “छे, करूच नकोस. उद्यापासून टाचणीच करेल.”

घडीनं वही मिटली. वही घेऊन ती खोलीत गेली. थोड्या वेळानं टाचणी दारावरून गेली तेव्हा आतून उशीत तोंड खुपसून रडल्याचा आवाज येत होता. टाचणी दाराशी थांबली आणि मग टाचा उचलून निघून गेली.

सकाळी ती राख काढायला बसली. चाळणीत काहीतरी खडखडलं. फॉइलचे तीन पिळलेले तुकडे होते. तीन कान!

तिनं ते फ्रॉकला पुसले. प्रत्येक कानावर बारीक बारीक आडव्या रेघा उमटल्या होत्या, कुणीतरी चावल्यासारख्या. उंदीर? उंदीर निखाऱ्यात कशाला जाईल? ती अंगणात इकडेतिकडे बघत राहिली. काकांचा टॉवेल दोरीवर वाळत होता आणि त्याच्या घडीतून काहीतरी लोंबत होतं. तिनं टॉवेल उलगडला. आत पक्कड होती, खिळे उपटायची, काजळीनं काळी झालेली. टाचणीनं पक्कडीच्या दातांत कान धरून बघितला. रेघेला रेघ जुळली.

पुड्या उचलायला तर आत्याचं रुंद पत्र्याचं उलथणं होतं. मग काका पक्कड का वापरतात? ते पक्कडीनं कान धरून पुडी उचलतात, आणि निखाऱ्यांवर फॉइल ठिसूळ झालेली असते. कान तुटतो. दोन कानांची मासळीची पुडी एका कानाची होते आणि जाते टपालमास्तरांच्या ताटात.

घडीची काहीच चूक नव्हती.

“टाचणे,” मागून आवाज आला. घडी उभी होती. डोळे सुजलेले. “राखेत काही सापडलं का गं?”

टाचणीची मूठ फ्रॉकच्या खिशात गेली.

“सापडलं ना,” ती म्हणाली. “राख.”

घडी मान हलवून परत गेली. टाचणीला वाटलं, हाक मारावी. पण आज पुड्या आपल्याकडे येणार होत्या. आजचा एकच दिवस करू, उद्या सांगून टाकू. उद्या नक्की. आणि कान आपण असे घट्ट पिळू की पक्कडीचे दातच पडतील.

दुपारी सहाव्या नंबरच्या खोलीत एक बाई आणि त्यांची पाच-सहा वर्षांची मुलगी राहायला आली. मुलीचे समोरचे दोन दात पडले होते आणि त्या फटीतून ती शिट्टी वाजवत सगळीकडे फिरत होती. तिची आई आत्याला बाजूला घेऊन म्हणाली, “हिला कोळंबी अजिबात चालत नाही हो. एवढीशी पोटात गेली तरी घसा सुजतो, श्वास अडकतो. मागे एकदा मध्यरात्री धावत दवाखाना गाठला होता.”

“काळजी करू नका,” आत्या म्हणाली. “हिची भाजीची पुडी मी सगळ्यांत आधी, धुतलेल्या पाटावर भरते.”

टाचणीनं ऐकलं. खिशातले तीन तुकडे तिच्या मांडीला टोचायला लागले.

तिनं कान तिहेरी पिळले. पिळून पिळून बोटं लाल झाली. आत्या म्हणाली, “छान गं,” पण उजेडाकडे काही धरलं नाही. पुड्या मागच्या अंगणात गेल्या. टाचणी मागोमाग निघाली, तर काका धुरातून ओरडले, “पोरांनी शेगडीपाशी यायचं नाही, भाजाल.” मग आत्यानं तिला लिंबं आणायला परसात पिटाळलं.

तिनं चार लिंबं तोडली, पाचवं तोडता तोडता थांबली आणि आत पळाली.

ताटं मांडून झाली होती. खिडकीजवळ ती छोटी शिट्टी वाजवत बसली होती आणि तिच्यापुढे एका कानाची पुडी होती. टाचणी जवळ गेली. पुडीच्या दुसऱ्या टोकाला फॉइल सरळ दुमडलेली नव्हती. फाटली होती, दातेरी.

छोटीनं घडीत बोट घातलं.

“थांब! उघडू नकोस!”

लिंबं चारी दिशांना गेली. टाचणीनं टेबलावरून झेप घेतली, पाण्याचा पेला आडवा केला आणि पुडी हिसकावली. छोटीनं भोकाड पसरलं. तिची आई उठून उभी राहिली. “अगं, हा काय प्रकार?”

टाचणीनं दूर जाऊन पुडी उघडली. गाजरावर चार कोळंब्या वळून पडल्या होत्या.

त्या बाईंनी लेकीला कडेवर घेतलं, तिचे हात आणि तोंड पुन्हा पुन्हा पुसलं, आणि दुसऱ्या हातानं टाचणीला जवळ ओढलं.

“शाबास पोरी,” टपालमास्तर म्हणाले. “बंद पुडीतलं तुला कळलं कसं?”

सगळे टाचणीकडे बघत होते. आत्याही. गेले कित्येक दिवस ती ज्या नजरेची वाट बघत होती, तीच ही नजर. तिनं खिशातून तीन कान काढून टेबलावर ठेवले.

“हे राखेत होते. यांच्यावर पक्कडीचे दात आहेत. काका पक्कडीनं पुड्या उचलतात, म्हणून कान तुटतात. घडीनं केलेले कान बरोबर होते.”

भोंगा टेबलावर हात आपटून म्हणाला, “एकोणीस अधिक तीन बावीस!”

“तुला कधी सापडले हे?” आत्यानं विचारलं.

आत्ताच, असं म्हटलं असतं तर कुणालाही कळलं नसतं. टाचणीनं घडीकडे बघितलं. घडी दारात उभी होती, वही छातीशी धरून.

“सकाळी,” टाचणी म्हणाली.

“सकाळपासून खिशात? मग बोलली का नाहीस?”

“मला माझं काम परत हवं होतं,” टाचणी म्हणाली आणि रडायला लागली. “घडीनं विचारलं होतं मला. मी खोटं बोलले.”

तेवढ्यात काका मागच्या दारातून आत आले. पक्कड त्यांच्या हातातच होती. ती पाठीमागे लपवायचं त्यांना सुचेपर्यंत उशीर झाला होता.

“उलथणं कुठंय?” आत्यानं विचारलं.

“उलथणं ना... ते जरा समुद्रात आहे.”

“काय?”

“होडीच्या बुडाला शेवाळ चिकटलं होतं. म्हटलं, उलथण्यानं खरवडावं. हातातून सटकलं. तू रागावशील म्हणून गप्प बसलो. नवीन आणणारच होतो.”

“आणि दोन्ही कान तुटलेल्या पुडीचं काय करायचात?” भोंग्यानं विचारलं.

“ती मी खायचो,” काका म्हणाले.

मास्तरांना हसू आवरेना, पण आत्या हसली नाही. “लेकरू वाचलं म्हणून बरं,” ती म्हणाली. “तुम्ही उलथणं लपवलंत आणि मी पोरीचं ऐकलं नाही. ती कान मोजून सांगत होती, तर मी तिलाच गप्प केलं. घडी, चुकलं गं माझं.” मग ती टाचणीकडे वळली. “तू धावलीस, त्याबद्दल शाबास. आणि सगळ्यांदेखत खरं बोललीस, त्याबद्दलही शाबास. पण सकाळी गप्प बसलीस, ते मला अजिबात आवडलेलं नाही.”

टाचणीनं मान खाली घातली.

“मामी,” घडी हळूच म्हणाली, “कान नकोतच. भाजीची पुडी लांबट करूया आणि मासळीची चौकोनी. आकार काही तुटून पडत नाही.”

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. टाचणीला पुन्हा हेवा वाटला. इतकी साधी गोष्ट, आपल्याला कशी नाही सुचली? तिनंही टाळ्या वाजवल्या. मनापासून म्हणता येणार नाही, पण जोरात वाजवल्या.

जेवणं आटोपल्यावर दोघी मागच्या पायरीवर भांडी पुसत बसल्या.

“उद्यापासून पुड्या तूच कर,” टाचणी शेवटी म्हणाली. “तुझ्या घड्या माझ्यापेक्षा चांगल्या आहेत.”

“त्या काही आपोआप नाही आल्या,” घडी म्हणाली. “तू यायच्या आधी चार दिवस मी दुपारभर सराव करायचे. वर्तमानपत्रावर.”

“का?”

“मामी रोज तुझंच सांगायची. माझी टाचणी येऊ दे, मग बघा पुड्या कशा होतात. ऐकून ऐकून मला तुझा इतका राग आला होता ना, की तू येऊच नयेस असं वाटायचं.”

टाचणीच्या हातातलं ताट तसंच राहिलं. तिनं ते खाली ठेवलं, हात फ्रॉकला पुसले आणि घडीच्या अगदी जवळ सरकली.

“काय काय म्हणायची?” तिनं विचारलं. “सगळं सांग. पहिल्या दिवसापासून.”