डावीकडची कड

रोरी आमच्या गॅरेजच्या फाटकातून वळला, तेव्हा गाडीच्या आधी आवाज आला – खर्रर्र! मी एका ट्रकखाली होते. डोकं बाहेर काढलं.

"गाडी उंच करून घेतलीय," तो खिडकीतून म्हणाला, "मोठे टायर टाकलेत... तरी घासतात."

"उंची वाढवली की वर जागा मिळते. वळताना चाक मागे घासतं." मी हात पुसले. "टायर विकणाऱ्याने सांगितलं नाही?"

"सांगितलं असेल. तो तुझ्यासारखा ओरडत नव्हता."

आमच्या कुनुनुरा गावात ऑक्टोबर म्हणजे अंगाची लाही. ढग रोज दाटायचे आणि न बरसताच निघून जायचे. पाऊस लागला की पठारावरची वाट एप्रिलपर्यंत बंद. त्याआधी रोरीला तिथल्या शेवटच्या पाणवठ्यावर पोचायचं होतं. तो फिंच पक्षी मोजायचा. सगळीकडे पाणी झालं की ते पांगतात. या एका आठवड्यासाठी तो तीन वर्षं धडपडत होता.

काम तीन दिवसांचं. टायरला खडू फासायचा, त्याने स्टीअरिंग शेवटपर्यंत फिरवायचं, आणि मडगार्डच्या आत खडू उमटेल तिथे मी प्लास्टिक कापायचं, पत्र्याची कड हातोड्याने चपटी करायची.

"डावीकडे... अजून... बस!"

"हुकूम सोडायला आवडतं ना तुला, टॅमसिन?"

"ऐकणारा मिळाला तर."

दुसऱ्या दिवशी तो थंड कॉफीचे दोन डबे घेऊन आला. माझ्या गालावरचा खडू त्याने अंगठ्याने पुसला – आणि हात तिथेच विसरला. क्षणभरच.

तिसऱ्या संध्याकाळी म्हणाला, "उद्या निघतो. तिकडून परस्पर डार्विन शहर गाठेन..." थोडा थांबला. "म्हणजे... इथे काही काम नसेल तर."

मी उगाच पाना शोधत राहिले.

डाव्या चाकामागची कड तेवढी राहिली होती. दहा मिनिटांचं काम. मी ती तशीच सोडली. घासेल, ऐकू येईल, परत येईल – एवढंच डोक्यात होतं. म्हटलं, "झालं."

तो सहाव्या दिवशी आला. कोरड्या ओढ्यात उतरताना चाक दबलं, वळलं, आणि त्या कडेने टायर उभा चिरला होता. जवळचा एकच जादा टायर चढवून, त्या दगडांतून पुढे जायची हिंमत न करता तो मागे फिरला होता. पठारावर आदल्या दिवशी पाऊस कोसळला, आणि वाट बंद झाली.

"खाली झोपून बघितलं मी," तो म्हणाला. "उजवी कड सपाट. डावीला हातोडा लागलेलाच नाही. विसरलीस?"

विसरले म्हटलं असतं, तर त्याने मानलं असतं.

"नाही. तू परत यावास म्हणून..."



"त्या ओढ्यापासून पाणवठा दोन तासांवर होता, टॅमसिन." मग हळूच, "पक्षी मोजून मी इथेच येणार होतो. डार्विनचं उगाच म्हणालो... तू 'थांब' म्हणतेस का, ते बघायला."

"मग आता थांब ना..."

"आता नाही गं. आता गाडीत काही वाजलं की मला वाटेल – हा रस्ता, की तू?"

मी कड चपटी केली, नवा टायर बसवला. तो स्टीअरिंग फिरवत होता. मी सांगण्याआधीच थांबत होता. जाताना त्याने हात पुढे केला. मी धरला, आणि लवकर सोडवेना. त्यानेच सोडवला.

बाबा ऑफिसच्या दारात उभे होते. "गेला का तो पक्षीवाला?"

"गेला."

"येईल गं परत."

"त्याच्या जागी मी असते," मी म्हणाले, "तर आले नसते, बाबा."