एकाच थर्मासचा चहा

इन्स्पेक्टर बाई प्रयोगशाळेत पोचल्या, तोवर तिथल्या दोघी संशोधक बहिणींपैकी धाकटीला दवाखान्यात हलवलं होतं. खुर्ची आडवी पडलेली, फरशीवर चहा.

कीटकनाशकाच्या विषबाधेवर धाकटीनं नवा उतारा शोधला होता. थोरली बहीण याच प्रयोगशाळेची प्रमुख. औषध माणसांवर वापरून पाहायचं की नाही, हे समिती दुसऱ्या दिवशी ठरवणार होती.

डॉक्टरांचा फोन आला. "कीटकनाशकच आहे. या विषानं लाळ गळते, डोळ्यांच्या बाहुल्या आकसतात. उतारा नेमका उलट काम करतो. आमची नेहमीची इंजेक्शनं चालू आहेत."

बाईंनी थोरलीला खिडकीपाशी बसवलं.

"थर्मासमधल्या उरलेल्या चहातही विष निघालं."

"मग कुणीतरी आम्हा दोघींच्या जिवावर उठलंय. मीही कपभर प्यायले, सगळ्यांदेखत." थोरलीनं पुन्हा पाण्याचा पेला तोंडाला लावला. "माझं नशीब म्हणून वाचले."

"तिचा उतारा तिलाच का नाही दिलात?"

"कुचकामी आहे तो. समितीलाही तेच सांगितलंय. तिचं उगाच कौतुक चालतं."

जबाबावर सही करताना तिनं कागद हात लांब करून धरला.

"चष्मा विसरलात?"

"मला चष्मा नाही."

ऊन थेट तिच्या तोंडावर येत होतं. तरी डोळे काळेभोर, बाहुल्या विस्फारलेल्या. बाईंनी तिचं रक्त तपासायला पाठवलं.

संध्याकाळी त्या परत आल्या.

"विष प्यायलेल्या माणसाच्या बाहुल्या आकसायला हव्यात. तुमच्या मोठ्या झाल्यात. घशाला कोरड, जवळचं दिसत नाही. तुम्ही आधीच उतारा घेतला होता. मग बिनधास्त कप रिकामा केलात, म्हणजे संशय यायला नको."

"उतारा काय, कुठलाही असेल."

"रक्तात तिचाच सापडला. ज्याला कुचकामी म्हणालात, त्याच्या भरवशावर स्वतःचा जीव पणाला लावलात. चांगला आहे हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. तेच तुम्हाला खुपत होतं ना?"

"तिला अक्षरओळख मी करून दिली," थोरली म्हणाली. "आता लोक मला तिची बहीण म्हणून ओळखतात."

बाईंचा फोन वाजला. ऐकून त्यांनी तो ठेवला.

"शुद्धीवर आली. पहिलं विचारलं, ताई बरी आहे ना, तिनंही तोच चहा घेतला होता."

थोरलीनं मान फिरवली.

"बघा," ती म्हणाली. "इथेही तीच चांगली ठरली."