सांजच्याला भुऱ्याला हाक मारली

ही गोष्ट खरी आहे. ज्ञानेश्वरीनं स्वतः मला सांगितलेली. ज्याला खोटी वाटेल त्यानं दिवेलागणीला आमच्या इमारतीत येऊन उभं राहावं.

गेल्या वर्षी दिवाळी नुकतीच झाली होती. पिशोरच्या सुगंधाबाईंची मेंढरं छत्रपती संभाजीनगरबाहेर, सावंगीजवळच्या एका मोकळ्या शेतात बसली होती. सोबत त्यांची आठवीतली पोरगी ज्ञानेश्वरी आणि धाकटा दीर साहेबराव.

संध्याकाळी ज्ञानेश्वरी पाणी घेऊन आली, तर कळपात भुऱ्या नव्हता.

भुऱ्या हा बिरोबा देवाला सोडलेला एडका, म्हणजे मेंढा. असा एडका विकत नाहीत, कापत नाहीत. त्याची आई मेली तेव्हा ज्ञानेश्वरीनंच त्याला बाटलीनं दूध पाजून जगवलं होतं.

"काका, भुऱ्या कुठंय?"

साहेबरावानं नव्या मोबाइलमधून मान वर काढली नाही. "दिला शहरात, खाटकाला. बिरोबा काय बघायला येतोय व्हय?"

वर हसला मेला!

ज्ञानेश्वरीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तिनं आईकडं पाहिलं. सुगंधाबाई मान खाली घालून चुलीत काटक्या सारत बसल्या होत्या. तिला आईचाही संताप आला.

"जाऊ दे पोरी," त्या शेवटी म्हणाल्या. "आता त्याचं नाव घेऊ नको. सांजच्याला तर नायच."

त्यांच्या घरात तसा नेमच होता. गेलेल्या जनावराला सांजच्याला हाक मारायची नाही.

पण तिला कुठला नेम आणि कुठलं काय! ती माळाकडं तोंड करून जीव खाऊन ओरडली.

"भुऱ्याऽऽ! ये रं!"

आणि मग...

मेंढरांचं रवंथ थांबलं. सगळ्यांचं. एकदम.

कुत्रं शेपूट घालून सुगंधाबाईंच्या मागं दडलं.

वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, मेंढरं एकमेकांना खेटून उभी होती. ती हळूहळू बाजूला सरकली. मधे एका जनावराएवढी जागा झाली.

रिकामी.

ज्ञानेश्वरीनं त्या जागेत हात घातला...

हाताला लोकर लागली. थंडगार.

ती रडली. तिला भीती वाटलीच नाही. तिचा भुऱ्या आला होता.

मग ती जागा हलली. मेंढरं वाट देत गेली. जाळी बाहेरच्या बाजूला फुगली. वाळलेलं गवत दबत दबत साहेबरावापर्यंत गेलं...

धप्प!

साहेबराव तोंडावर आपटला. उठला. पुन्हा आपटला. त्याची पाचावर धारण बसली.

"तू बोलावलंस, तूच 'जा' म्हण!" सुगंधाबाई ओरडल्या. "दुसऱ्या कुणाचं ऐकत नाय ते. मारून टाकल त्याला!"

"आधी त्यानं माफी मागावी."

साहेबरावानं मातीतच हात जोडले. "चुकलो गं माय. सांग त्याला."

"जा, भुऱ्या," ज्ञानेश्वरी म्हणाली.

गवत तसंच दबलेलं राहिलं.

आणि पुन्हा... धप्प.

"मनातून म्हण, पोरी!"

"मनातून येत नाय, माय!"

साहेबराव त्याच रात्री शहरात पळाला. आता तो सिडकोत आमच्या इमारतीचा वॉचमन आहे. उजेड असेपर्यंत बरा असतो. दिवे लागायच्या वेळी ज्ञानेश्वरीला फोन लावतो, स्पीकरवर टाकतो आणि रडतो. ती बिचारी रोज न चुकता "जा" म्हणते. फोन बंद होतो.

मग आमच्या जिन्यात खुरं वाजतात...

मी दाराला कडी लावून बसतो. साहेबरावाच्या कण्हण्याचा आवाज येतो, तरी उघडत नाही. आता त्याला नीट चालताही येत नाही.

परवा न राहवून साहेबरावाकडून नंबर घेऊन मीच तिला फोन केला. म्हटलं, "बाळा, माणूस मरेल गं. अजून राग आहे तुला?"

मग तिला हुंदका आला.

"व्हय," ती म्हणाली. "लई."