कमी पाहणारे यंत्र

सोनवळ्याच्या धर्मादाय रुग्णालयात दोन सीटी स्कॅनर शेजारी शेजारी उभे होते आणि दोघांनाही हळदकुंकू लागले होते. चाचणी संपल्यावर त्यांतला एकच राहणार होता. पण परत जाणाऱ्या यंत्राची पूजा करू नये असे कुठे लिहिलेले नाही, असे विश्वस्तांचे म्हणणे पडले, आणि दोन नारळ फुटले.

निवड करायची होती डॉ. शाल्मली परुळेकरांनी. क्ष-किरण विभागात त्या एकट्याच डॉक्टर. विश्वस्तांनी ‘तुम्ही म्हणाल ते’ म्हणून हात झटकले होते. डावीकडचे यंत्र नेहमीचे. शरीरातून पार झालेल्या किरणांचा गोळाबेरीज अंदाज घेऊन ते चित्र काढी. उजवीकडचे होते ‘कणवेध’. ते प्रत्येक किरणकण सुटा मोजी, आणि म्हणून फुप्फुसात रुतलेली सिलिकाची धूळ, दम लागायच्या सात-आठ वर्षे आधीच दाखवी. सोनवळ्यात कारखाना एकच, सिलिका वाळू धुण्याचा, आणि अर्धे गाव तिथेच कामाला. तेव्हा यात विचार तो काय करायचा, असे शाल्मलीबाईंना सुरुवातीला वाटले होते.

तुलनेसाठी एकाच माणसाला दोन्ही यंत्रांत झोपवायचे होते. तंत्रज्ञ वासंती मेस्त्रीने आपल्या नवऱ्यालाच आणले. दयानंद वाळूच्या चाळणीवर काम करायचा, धडधाकट गडी, सुट्टीला व्हॉलीबॉल खेळणारा. फुकटात फोटो निघतोय म्हणून तो हसतच झोपला. नेहमीच्या यंत्राने त्याची फुप्फुसे स्वच्छ दाखवली. कणवेधच्या पडद्यावर त्याच फुप्फुसांत दोन्हीकडे रव्यासारखे बारीक ठिपके पसरलेले होते. पडद्यासमोर वासंतीच बसली होती. तिने नवऱ्याला ‘झाला, जावा घराक’ एवढेच सांगितले.

धुळीच्या या आजारावर तोवरही औषध निघाले नव्हते. निघाला होता तो कायदा. कणवेधच्या दर्जाच्या यंत्राचा निष्कर्ष यंत्रातूनच थेट मालकाकडे जाई, म्हणे कामगाराच्या भल्यासाठी. धूळ दिसली की माणूस कामावरून कमी. त्याला दुसरे काम द्यायचे कलम मात्र मसुदा हिंडता हिंडता कुठेतरी गळून पडले होते. चाचणीपुरती ही जोडणी बंद होती, म्हणून दयानंद वाचला.

दुसऱ्या दिवशी वासंती बाईंच्या खोलीत आली आणि उभ्यानेच म्हणाली, “बाई, डावीकडचा घेवा.”

शाल्मलीबाई चिडल्या. माहीत असून डोळे मिटायचे? आज धूळ थांबली तर आजार कदाचित तिथेच थांबेल, असे त्यांनी समजावले. ‘कदाचित’ हा शब्द त्यांना गाळता आला नाही.

“कदाचित,” वासंती म्हणाली. “काम मात्र नक्की जातला. कारखान्याची खोली पण जातली. मगे आम्ही खय जावचा? तेंका कळला तर ते रोज मरतले, बाई. नाय कळला तर थोडी वर्सा तरी हसत काढतले.”

नंतर कारखान्याच्या चाळीतल्या आणखी बायका आल्या. सगळ्यांचे मागणे तेच. शाल्मलीबाईंना खूप राग आला, कायद्याचा, कारखान्याचा, त्या बायकांचा आणि स्वतःचाही. शेवटी त्यांनी डावीकडचे यंत्र निवडले. विश्वस्तांना कारण सांगितले की याची देखभाल सोपी. कणवेध कपाळीच्या कुंकवासकट खोक्यात बंद होऊन गेले.

वर्षभरात कारखान्याच्या व्यवस्थापकाने एकूण एक कामगाराचा स्कॅन करून घेतला. सगळ्यांची फुप्फुसे स्वच्छ. त्याने सभेत रुग्णालयाचे तोंडभर कौतुक केले, आणि धुळीचा त्रासच नाही तर उन्हाळ्यात धूळ बसवायला पाण्याचे फवारे कशाला, म्हणून ते बंद केले. शाल्मलीबाई धावत त्याच्याकडे गेल्या. या यंत्राला ती धूळ दिसतच नाही, असे त्यांनी परोपरीने सांगितले.

त्याने शांतपणे ऐकून घेतले. “मग डॉक्टर, हे यंत्र निवडलं कोणी?”

त्या तशाच परत आल्या. फवारे बंदच राहिले. चाळीतल्या दोऱ्यांवर वाळत घातलेले कपडे आता संध्याकाळपर्यंत पांढुरके होत.

पावसाळा सरल्यावर वासंती आपल्या मुलीला घेऊन आली. बारावी झालेल्या गार्गीला कारखान्यात वजनकाट्यावर नोकरी लागली होती आणि रुजू होण्याआधी स्कॅन हवा होता. पोर जन्मापासून त्याच चाळीत वाढलेली. ती यंत्रात झोपली, वासंतीने बटण दाबले, आणि पडद्यावर चित्र उमटले. स्वच्छ. वर्षापूर्वी याच यंत्रावर दयानंदचे आले होते तसेच.

शाल्मलीबाई अहवाल लिहायला वळल्या, पण वासंती पडद्यासमोरून उठेना. मग बाईही तिच्याजवळ जाऊन बसल्या. त्यांनी चित्र मोठे केले, आणखी मोठे केले. शेवटी नुसते करडे चौकोन तेवढे उरले. पलीकडून गार्गीने उठू का म्हणून विचारले. 

“बाई,” वासंती अगदी हळू म्हणाली, “हिची खरीच स्वच्छ आसत, काय ह्या यंत्राक दिसणा नाय?”