गंजाच्या दोन रेघा

ट्रेलर मागं घेताना नवरा-बायकोचं भांडण झालं नाही, असा आरव्ही पार्क, म्हणजे चाकांवरची घरं लावायचा तळ, टेक्सासात अजून बांधायचा आहे. एकानं गाडी चालवायची, दुसऱ्यानं मागं उभं राहून हात हलवायचे आणि मग जेवणापर्यंत एकमेकांशी अबोला धरायचा. प्रूइटांच्या घरात चालवायचं काम नेडीनचं. लेव्हलँडच्या शाळेची बस चालवण्यात तिची उमर गेली होती, त्यामुळे एवढा लांब ट्रेलर ती एका दमात जागेवर लावायची. रॉइस मागं उभा राहून डावीकडे सांगायचं असलं की उजवा हात हलवायचा. त्याच्या खुणा तिनं कधीच मानल्या नाहीत, पण आरशात त्याला बघायची मात्र सारखी. तो दिसतोय, चाकाखाली आलेला नाही, एवढी खात्री झाली की तिला पुरे.

आता त्याच रॉइसच्या गळ्यात गाठ निघाली होती. जन्मभर तेलविहिरींवर वेल्डिंग केलेला माणूस, तक्रार करायची माहीत नाही, तोही घोट गिळताना डोळे मिटायला लागला. ह्यूस्टनच्या डॉक्टरीणबाईंनी दोन महिने रोज किरणांचा शेक घ्यायला सांगितला. लेव्हलँडहून ह्यूस्टन म्हणजे अख्खा दिवस गाडीत, तेव्हा ट्रेलर घेऊन तिथंच मुक्काम टाकायचं ठरलं. मुक्काम इस्पितळाजवळ हवा होता, कारण गाडीत जरा जास्त वेळ बसलं की रॉइसला उलटी व्हायची, आणि एकही दिवस चुकवायचा नाही असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं.

पण जागा शोधता शोधता नेडीनच्या नाकी नऊ आले. पहिल्या पार्कवाल्यानं ट्रेलरचं वय विचारलं. दहा वर्षांपेक्षा जुना असेल तर आम्ही घेत नाही म्हणाला, शोभा जाते. नेडीननं त्याला त्याचं स्वतःचं वय विचारलं आणि फोन ठेवला. दुसऱ्या ठिकाणी पोहण्याचा तलाव होता, बिंगो होता, पण महिन्याच्या वर कुणाला राहू देत नव्हते. तिसऱ्याचं नाव स्वर्गाचं आणि संडासाची टाकी तुंबलेली. चौथा रेल्वे यार्डाला खेटून होता, सगळी जमीन काँक्रीटची, झाडाचं पान नाही. मालगाडी गेली की कपाटातल्या बशा बोलायच्या.

"कुठंही थांब," रॉइस घोगऱ्या आवाजात म्हणाला. "मी काही तिथं लग्न लावायला निघालो नाही."

"तू गप्प बस. बोलू नको म्हणून सांगितलंय तुला."

शेवटी अल्विनच्या रस्त्याला पेकानच्या झाडांखाली एक पार्क मिळाला. मालकीण डेल्फीन, पायात रबरी बूट घातलेली जाडगेली बाई, खिडकीतूनच म्हणाली, "मागची कुंपणाजवळची घे गं बाई, नेहमीची." नेडीन म्हणाली, आम्ही इथं पहिल्यांदाच आलोय. डेल्फीननं बरं म्हणून मान डोलावली. भांडायचं त्राण नेडीनमध्ये उरलं नव्हतं.

रॉइस गाडीतून उतरून मागं उभा राहिला आणि चुकीचा हात हलवायला लागला. नेडीननं ट्रेलर मागं घेतला. चाकं खडीतल्या खळग्यांत जाऊन बसली, अगदी ठाकठीक. तिनं पाणसळ ठेवली तर बुडबुडा मधोमध. एरवी त्या ट्रेलरच्या डाव्या चाकांखाली फळ्या सारल्याशिवाय तो सरळ उभाच राहत नसे. पायरी खाली सोडली तर जिथं ती टेकते तिथलं गवत झिजून माती उघडी पडली होती. तिथून एक पायवाट नळाकडे गेली होती आणि ती एका माणसाच्या पावलांपुरती होती.

कुणीतरी असाच ट्रेलर घेऊन राहिलं असेल, असं म्हणून नेडीननं नळी जोडली.

दुपारी रॉइस आत झोपलेला असताना शेजारची अर्लीन आली. केस निळसर पांढरे, कपाळावर पट्टा बांधलेली म्हातारी. दारात उभी राहून ती नेडीनकडे जरा वेळ बघत राहिली आणि मग हळू आवाजात म्हणाली, "रॉइस झोपलेत का? उठवू नका. तुम्ही सोबतीला आलात, बरं केलंत. एकट्याला ठेवायलाच नको."

नेडीनला वाटलं, आजारी माणसाविषयी बोलतेय. रॉइसनं नाव सांगितलं असेल, त्याला माणूस दिसला की बोलायची हौसच आहे, गळा गेला चुलीत. तिनं आभार मानले.

"माझं ते काचेचं भांडं होतं," अर्लीन म्हणाली. "निळ्या काठाचं. त्यात चिकन-स्पॅगेटी आणली होती. खाली चिकटपट्टीवर माझं नाव आहे. घाई नाही हो. त्या दिवशी इतकी माणसं, इतकी भांडी, कुणाचं कुठं ठेवलं कुणाला कळणार?"

"कुठल्या दिवशी?" नेडीननं विचारलं. "आम्ही आजच आलोय."

अर्लीननं तिच्या दंडावर हात ठेवला. भांड्याचं राहू द्या म्हणून पाय ओढत निघून गेली.

टेक्सासातल्या बाईला हे उलगडून सांगावं लागत नाही. घरी एकाच दिवशी इतकी माणसं आणि इतकी झाकलेली भांडी कधी येतात ते नेडीनला पक्कं ठाऊक होतं. तिनं स्वतः मयताच्या घरी अशी भांडी पोचवली होती, धुऊन परत घेतली होती. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं डेल्फीनला गाठलं. या जागेवर आधी कोण होतं? कोण मेलं इथं?

डेल्फीन म्हणाली, कुणीच नव्हतं. पुराचं पाणी ओसरल्यावर तिथं नवी खडी टाकली, तेव्हापासून जागा रिकामीच आहे.

"मग ते खळगे कुणाचे? ती वाट कुणाची?"

"तुमचीच ना," डेल्फीन म्हणाली, आणि आपण काय बोललो ते न कळून स्वतःच गोंधळली.

नेडीननं नळी काढली, वायर गुंडाळली, पायरी वर घेतली. रॉइस डोळे चोळत विचारत होता की आता काय बिघडलं. ती म्हणाली, इथं डास आहेत. दगडापेक्षा वीट मऊ म्हणून तिनं रेल्वे यार्डाजवळचा काँक्रीटवाला पार्क पत्करला. काँक्रीटवर खळगे पडत नाहीत.

खळगे नव्हतेच. ट्रेलर तिरका उभा राहिला, चाकाखाली फळ्या घालाव्या लागल्या, आणि नेडीनला इतकं बरं वाटलं की रॉइसच्या खुणांना तिनं एक शिवीही दिली नाही. मग ती ट्रेलरच्या कापडी छताखाली चटई अंथरायला गेली आणि वाकलेली तशीच राहिली.

काँक्रीटवर गंजाच्या दोन बाकदार रेघा होत्या. डावी सलग. उजवी मध्ये बोटभर तुटलेली.

या रेघा तिच्या ओळखीच्या होत्या. लेव्हलँडच्या ओसरीवर तिनं त्या व्हिनेगर आणि लिंबू लावून वर्षानुवर्षं घासल्या होत्या. रॉइसनं तेलविहिरीचे जुने पाइप जोडून एक डोलखुर्ची केली होती. खालच्या उजव्या बाकदार पट्टीचा सांधा जमला नव्हता, तिथं ती जमिनीला टेकत नसे. खुर्ची इतकी जड की ट्रेलरमध्ये घ्यायची नाही म्हणून नेडीननंच हट्ट धरला होता. या घटकेला खुर्ची घरच्या ओसरीवर होती.

तिनं ब्रश आणून रेघा घासल्या. गंज खोल मुरलेला होता, काही वर्षांचा.

आणि मग घासता घासता तिच्या डोक्यात उजेड पडला. गंज एवढा मुरायचा तर रॉइस इथं वर्षानुवर्षं बसायला हवा. खुणा पुढल्या दिवसांच्या होत्या, म्हणजे रॉइस जगणार होता. ती तिथंच फतकल मारून बसली आणि ब्रश हातात घेऊन रडली, मग रडल्याबद्दल स्वतःवरच चिडली. त्या म्हातारीचं काहीतरी चुकलं होतं. नेडीननं रेघांवर चटई टाकली आणि त्यानंतर मालगाड्यांनासुद्धा नावं ठेवली नाहीत.

रॉइस खरंच सुधारला. गळा भाजून निघाला, वजन उतरलं, पण गाठ विरघळली. शेक संपला तेव्हा डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या की आता वरचेवर तपासायला या, जवळपास राहिलात तर उत्तम. परत येऊन रॉइसनं पहिल्यांदा मक्याचा घट्ट सांजा खाल्ला, दोनदा मागून घेतला. त्या आनंदात त्यानं लेव्हलँडच्या भाच्याला फोन केला. पुढच्या रविवारी भाचा पिकअपमध्ये डोलखुर्ची टाकून हजर झाला.

रॉइसनं पायानं चटई सारली, खुर्ची ओढून आणली आणि खाली ठेवली. ती रेघांवर बसली. त्यानं खाली पाहिलंही नाही.

"तुझी खुर्ची आण की," तो म्हणाला.

नेडीननं तिची घडीची खुर्ची आणली. खुर्चीच्या पायांची रबरं केव्हाच गेली होती. रॉइसचा आवाज ऐकू यावा म्हणून ती खुर्ची सारखी त्याच्याकडे सरकवायची, आणि घरच्या ओसरीवर गंजाच्या रेघांशेजारी तिच्या खुर्चीचे पांढरे ओरखडे पडले होते. इतके ओरखडे, की फरशी नवी घालावी लागेल असं रॉइस म्हणायचा.

इथं गंजाच्या रेघांशेजारचं काँक्रीट कोरं होतं.

ती खुर्ची हातात धरून उभी राहिली. एकट्याला ठेवायलाच नको. म्हातारीचं काहीच चुकलं नव्हतं. भांडी कुणाच्या मयताला आली होती तेवढं नेडीननं चुकीचं धरलं होतं.

तिला रडू आलं नाही. आला तो राग, आणि तोही अगदी घरगुती. या माणसाला टाकी रिकामी करता येत नाही. गॅस बंद करायचा लक्षात राहत नाही. ट्रेलर तर त्यानं एकदाच मागं घेतला होता, तेव्हा लबक गावातल्या एका पेट्रोल पंपाचा खांब वाकला होता.

"ऊठ," ती म्हणाली. "ट्रेलर मागं घ्यायला शीक."

"आत्ता? कशाला? तू आहेस ना."

"शीक म्हटलं ना."

नेडीनचा असा आवाज ऐकून शाळेतली टारगट पोरंसुद्धा जागेवर बसायची. रॉइस कुरकुरत उठला. भाच्यानं खुर्च्या बाजूला घेतल्या. नेडीननं ट्रेलर जोडून दिला. रॉइसनं तो रस्त्यावर काढला आणि यार्डाच्या फाटकापाशी थांबवला. ती मागं जाऊन उभी राहिली, त्याच्या बाजूच्या आरशात नीट दिसेल अशी, आणि तिनं हात वर केला.

ट्रेलर मागं यायला लागला.

तिनं डावीकडची खूण केली. तोवर तो डावीकडे वळलेला होता. तिनं थांब म्हणून तळवा दाखवला, पण त्याला थांबायची गरज नव्हती. चाकं फळ्यांवर चढली आणि एका दमात, कुठं घासल्याशिवाय, ट्रेलर जागेवर उभा राहिला.

भाच्यानं टाळ्या वाजवल्या. रॉइस खाली उतरला, पाना काढला, चाकांना अडसर लावले, नळी जोडली. मग एकट्यानं रोज करायचं काम उरकल्यासारखे हात पुसत तो आपल्या खुर्चीकडे गेला.

नेडीन अजून हात वर करून तिथंच उभी होती. मागं येताना त्यानं एकदाही आरशात पाहिलं नव्हतं.