चिठ्ठीवरचं नाव

ही गोष्ट खरी आहे. आम्ही नागपूरचे बौद्ध. भूतखेत मानायचं नाही, हे मी बाराखडीच्या आधी शिकले. तरीही सांगतेय.

गाव डब्लिन, ओहायो. मागचा फेब्रुवारी. आणि वेळ रात्रीची नाही, भर दुपारची.

पप्पा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते. आई वहिनीच्या बाळंतपणासाठी नागपूरलाच थांबली. मी आणि विवेक, माझा नवरा, दिवसभर ऑफिसात. बाहेर बर्फ. पप्पा घरात कोंडलेले. म्हणून मी लायब्ररीतून त्यांना एका जुन्या ब्रिटिश डिटेक्टिव्हची कादंबरी आणून दिली. त्याच डिटेक्टिव्हच्या तीसेक कादंबऱ्या निघाल्या आणि पप्पांना व्यसनच लागलं.

त्यांची एक पद्धत होती. शेवटचं प्रकरण आलं की थांबायचं. खुनी कोण, ते नाव चिठ्ठीवर लिहायचं. मला फोन करून सांगायचं. मगच शेवट वाचायचा.

अकरावं पुस्तक चालू होतं. दुपारी दोन दहाला त्यांचा फोन आला.

"बेटा, ऐक ना..."

"पप्पा, मी मीटिंगमध्ये आहे. खुनी कोण ते संध्याकाळी सांगा."

मी फोन कट केला.

संध्याकाळी घरी आले तेव्हा पप्पा खुर्चीतच गेलेले होते. हार्ट अटॅक. मांडीवर पुस्तक, त्यात खुणेला ठेवलेली कोरी चिठ्ठी.

शेवटचं प्रकरण अजून चाळीस पानं लांब होतं...

म्हणजे तो फोन खुनी सांगायला नव्हताच.

मी त्यांच्या मोबाइलमधून तो कॉल डिलीट केला. आईला सांगितलं, झोपेत गेले, कुणाला हाक मारायलाही वेळ मिळाला नाही. इतकं नीच मी कधीच वागले नव्हते.

दहा दिवसांनी मी घरून काम करत होते. दोन दहा झाले...

पप्पांच्या खोलीत पान उलटलं.

आत गेले. कुणी नाही. पुस्तक मिटलेलं. पण चिठ्ठी चार पानं पुढे सरकली होती.

दुसऱ्या दिवशी आणखी चार.

"यार, तुझी झोप होत नाहीये," विवेक म्हणाला. शनिवारी तो स्वतः खोलीच्या दारात बसला. दोन दहाला त्याचा चेहरा पांढरा पडला.

असे दहा दिवस, रोज चार पानं. अकराव्या दिवशी पानांचा आवाज आलाच नाही.

पेन्सिलचा आला...

मी पुस्तक उघडलं. चिठ्ठी शेवटच्या प्रकरणाच्या तोंडाशी होती. आता कोरी नव्हती. पप्पांचंच अक्षर, एकच शब्द.

उपासना.

माझं नाव.

"त्यांना तुला हाक मारायची असेल," विवेक म्हणतो. असेलही. पण त्या चिठ्ठ्यांवर पप्पांनी आजवर फक्त खुन्याचंच नाव लिहिलंय.

आई पुढच्या आठवड्यात येतेय. काल फोनवर म्हणाली, "मी त्यांच्याच खोलीत झोपेन. आणि त्यांचं अर्धवट राहिलेलं पुस्तक काढून ठेव, मी पूर्ण करते."

मी हो म्हणाले.

चिठ्ठी फाडायला तीनदा त्या खोलीत जाऊन आले. हात पुढे होत नाही.