आवाज येतोय का?

सत्तेचाळीस वर्षं मी विनोदी सदर लिहिलं, आणि त्यात एक अक्षर खोटं लिहिलं नाही.

हे वाक्य सोडून. पुढची गोष्ट मात्र खरी आहे.

रविवार, ९ नोव्हेंबर २०२५. दुपारचे पावणेचार. अबुधाबी, अल रीम आयलंड, एकतिसावा मजला. बाहेर लख्ख ऊन. भुताच्या गोष्टीला हे सोयीचं नाही, पण माझा इलाज नाही.

घर माझ्या मुलाचं, धनंजयचं. तो दूर रुवैसला, तेलाच्या प्रकल्पावर इंजिनिअर. त्याच्या साइटवर समाधान नावाचा जालन्याकडचा माणूस परांच्या बांधायचा. सुट्टीला येताना धनंजय त्यालाही गाडीत घालून आणायचा. कामगारांच्या कॅम्पवरचं नेट रडायचं, म्हणून समाधान दर रविवारी आमच्या बाल्कनीतून गावी बायकोला, कावेरीला, फोन लावायचा.

"आवाज येतोय का?"

पलीकडून ती म्हणायची, "येतोय."

लाइन तुटायची. परत तेच. पाऊण तासात संसार याच्या पुढे सरकायचा नाही.

मला हसू आलं. हसू आलं की मी लिहून टाकतो. जुनी खोड.

नात मिहिकाचा बँड आहे, 'चमकी'. ग्लॅम रॉक. म्हणजे गालांवर चकाकी, वीतभर उंच टाचांचे बूट आणि चंदेरी पँट... मुलग्यांनाही. त्यांना एक मराठी गाणं हवं होतं. मी दिलं. मिहिका माइकवर विचारणार, "आवाज येतोय का?" पब्लिक म्हणणार, "येतोय."

नेटवर टाकलेलं गाणं तुफान चाललं. महाराष्ट्र मंडळातल्या बायका नऊवारी नेसून, पापण्यांना चमकी लावून आल्या. दुबईत मीना बाजारातल्या एका दुकानात चंदेरी कापड संपलं. लिफ्टमध्ये लोक मला नमस्काराऐवजी "येतोय" म्हणू लागले. मीही मान डोलवायचो.

फेब्रुवारीत एका रविवारी समाधान स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

"काका, तेवढं गाणं काढता का?"

"का रे, आवडलं नाही?"

"चांगलंय. पण रूमवरची पोरं मला येतोय म्हणूनच हाक मारतात. तिकडं हिच्यापर्यंतबी गेलं. ती म्हणती, आपलं बोलणं तुम्ही बाजारात मांडलं."

"दुबईचा शो होऊ दे. मग खलास. काढून टाकू."

दुबईचा शो झाला. शारजाचा झाला. मग मी विसरलो.

विसरलो नव्हतो. चार लाख लाइक झाली होती.

समाधान त्यानंतर बाल्कनीत आला नाही. जुलैत रूमवर झोपेतच गेला. हृदय, म्हणाले.

सप्टेंबरमध्ये मिहिकाने मला हेडफोन लावला. दुबईच्या शोचं जुनं रेकॉर्डिंग.

"आजोबा, लिसन. समवन इज कमिंग इन अर्ली."

तिने अजून विचारलंही नव्हतं... आणि हॉलमधून एकच माणूस म्हणाला, "येतोय."

बँडच्या पोरांनी तो तुकडा दोनदा कापला. दोनदा तो परत आला.

मी म्हणालो, कॉम्प्युटरचा दोष असेल.

आणि मग तो रविवार. घरात मी एकटा. फोन वाजला.

"काका, मी कावेरी. तुमच्या बाल्कनीतून बोलायचे ना, त्यांची मंडळी."

"बोल बाई."

"दर रविवारी त्यांचा फोन येतोय. त्याच टायमाला. आत्ताच येऊन गेला."

"अगं, त्याचा फोन तर सामानाबरोबर तुझ्याकडेच पाठवला."

"हाय की. बंद पडलाय. ट्रंकेत हाय."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी विचारते, आवाज येतोय का. ते म्हणतात, येतोय. पहिल्यांदा मागं मशिनी चालल्यागत वाटलं. मग विमानतळावरची बाई बोलत हुती. गेल्या रविवारी यष्टीची घंटी वाजली..."

तिने आवाज बारीक केला.

"आज मागं आमची शेळी वरडली, काका. शेळी माझ्या दारात बांधलीय."

एसीचा आवाज थांबल्यासारखा वाटला.

"कडी लावून आत बसलेय. उघडू का?"

मी बाल्कनीकडे पाहिलं. काच बंद होती. पलीकडे कुणी नव्हतं... फक्त तो टेकायचा तिथे, काचेवर, बाहेरून कुणी श्वास सोडावा तशी वाफ धरली होती.

आता बोलायलाच हवं होतं.

"कावेरी, ऐक. ते गाणं मी लिहिलं. त्याने काही बाजारात मांडलं नाही, मीच चोरून ऐकलं. तो काढा म्हणाला होता. मी काढलं नाही."

पलीकडे खरखर.

"हॅलो? काका? आवाज येतोय का?"

सवयीने मी म्हणालो, "येतोय."

तोंड माझं हललं. आवाज जालन्याकडचा होता.

फोन तुटला.

माझं बोलणं तिला ऐकू गेलं की नाही, अजून ठाऊक नाही. ती माझा फोन उचलत नाही. तिचा दीर किसन म्हणाला, "वहिनी बरी आहे. फक्त दार आता लावतच नाही."

त्याच संध्याकाळी मिहिकाने गाणं काढून टाकलं. कारण विचारलं नाही. पण लोकांनी उतरवून घेतलेल्या नकला शेकड्यांनी फिरतायत. कुठेतरी कुणीतरी लावतं, आणि अख्खा हॉल म्हणतो, येतोय.

तेव्हा तुम्ही तरी लावू नका. लाइक दिलं असेल तर काढून घ्या. त्यातलं एक माझंही आहे. अंगठा एकदा दाबला की परत कसा घेतात, कुणी सांगाल का?